शेजाऱ्यांची जुन्या धाटणीची मोटार

महाडला आमचे शेजारी कचेरीत कारकून होते आणि घरच्या पडवीत साहेबी जमान्यातल्यासारखी मोटार बांधत होते. दिवे भंगारातले, बॉनेट स्वतः ठोकलेलं. इंजिन तेवढं मुंबईहून यायचं होतं.

एका दुपारी समोरच्या घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि गावात वाहन मिळेना. शेजाऱ्यांनी तिला मागच्या सीटवर अदबीने बसवलं, हॅट चढवून स्वतः स्टिअरिंग धरलं आणि आम्ही चौघांनी दवाखान्यापर्यंत मोटार ढकलली. चढावर ते ओरडले, "अहो, पिकअप कमी पडतोय!"

सून सुखरूप बाळंत झाली. सासू शेजाऱ्यांपुढे हात जोडून म्हणाली, "तुमची गाडी हाय म्हणून वाचली हो पोर."

आम्ही घाम पुसत होतो. ते बॉनेट थोपटत म्हणाले, "गाडी उत्तमच आहे. ढकलणारे जरा नवखे होते."