आण्णांची उजवी बाजू

सांगलीच्या हळद पेठेत धन्यकुमार आण्णांचं अडतीचं दुकान होतं आणि मी तिथं दिवाणजी होतो. आण्णांना ऐकू कमी यायचं. ही गोष्ट पेठेत कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

ती टिकली रुमालामुळं. तेव्हा आमच्याकडं हळदीचा भाव तोंडानं कुणी बोलत नसे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायचे, सौदा ठरायचा. कानाचं काम नव्हतंच. पण पासष्ट साली ठरलं की दिवाळीपासून रुमाल बंद, बोली उघड्यावर, मोठ्यानं. आण्णांचं जेवण तुटलं. "बहिऱ्या अडत्याकडं माल कोण घालणार, दिवाणजी?" असं ते मला म्हणाले आणि लगेच म्हणाले, "म्हणजे, समजा एखादा बहिरा असला तर."

मग स्थळ बघायला जातो असं घरी सांगून ते मला मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले.

डॉक्टरांनी आधी कोमट पाण्याच्या पिचकारीनं मळ काढला. एवढ्यावर भागेल असं आण्णांना वाटत होतं. भागलं नाही. मग एक लोखंडी काटा वाजवून कानामागच्या हाडावर टेकवला. शेवटी दोन्ही कानांवर झाकणं बसवली आणि सांगितलं, "बारीक आवाज येईल. आला की बोट वर करा."

आण्णांनी भराभर बोट वर केलं, एकदाही चुकले नाहीत. डॉक्टरांना शंका आली. आण्णा आवाजाच्या बटणावरच्या डॉक्टरांच्या अंगठ्याकडं बघत होते. चाळीस वर्षं हातच ओळखत आलेला माणूस, दुसरं काय करणार? डॉक्टरांनी खुर्ची भिंतीकडं फिरवली. त्यानंतर ते बोट बराच वेळ खालीच राहिलं. मला फार वाईट वाटलं. मी कॅलेंडर वाचत बसलो.

डावा कान गेलेला, उजवा अर्धा. शीर कमजोर झाली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, यंत्र लावा, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लोक तुमच्याशी कुठल्या बाजूनं बोलतात?"

"उजव्या," आण्णा म्हणाले. "मानाच्या माणसाला पेठेत उजव्या अंगानंच भेटतात."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा कॅलेंडरकडं वळलो.

यंत्र पानाच्या डबीएवढं होतं आणि त्याची वायर कानापर्यंत जायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर घरी शांततेत तासतासभर सवय करा, मग गर्दीत जा. सवय करताना घरचे बघतील म्हणून आण्णांनी ते कपाटात ठेवलं आणि थेट पहिल्या उघड्या बोलीच्या दिवशी कोटाच्या आतल्या खिशात घातलं. वायर टोपीखाली दडवली.

त्या सकाळी त्यांना सगळं ऐकू आलं. पोती आदळलेली, कावळे, कोटाच्या अस्तराची खरखर. बोली तेवढी कळेना. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात मलकापूरचा एक नवा शेतकरी त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. आमच्या बिराप्पा हमालानं त्याचा दंड धरला आणि आण्णांच्या समोरून त्याला पलीकडं नेत, नेहमीच्या आवाजात सांगितलं, "हिकडनं न्हाई पावणं. उजव्या अंगानं बोला. डावा कान गेलाय आण्णांचा, लय वर्सं झाली."

यंत्रातून स्पष्ट आलेलं ते पहिलं वाक्य.

आण्णांनी बिराप्पाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुम्हालाही ठाऊक होतं?"

मी त्यांच्या उजवीकडं बसलो होतो. अकरा वर्षं तिथंच बसत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मलकापूरकर उजवीकडं आला, वाकला आणि बोंबलला, "आण्णा! तेरा पोती हायती! तुमच्याकडंच घालायची! कुठं उतरवू?"

आण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी खिशातलं यंत्र काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं कोटावर अडकवलं.

"आत उतरवा," ते म्हणाले. "आणि ओरडू नका. ऐकू येतंय."