‘निघाली’ म्हणजे
“गाडी निघालीय म्हणं पेठ वडगावातनं,” फोन ठेवत स्टोअरवाले मामा साहेबांना म्हणाले. रंगाआधी लावतात त्या प्रायमरचा ओला वास आला की मला पंपाच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. मी नवीन होते, इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि दिवसभर मान खाली घालून सॉफ्टवेअर सांभाळायचे. पेठ वडगावच्या फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे पंपाचे ओतीव भाग, घेऊन गाडी निघाल्याची नोंद बटण दाबून केली की पुढचं सगळं ते सॉफ्टवेअरच जुळवायचं. मशीनवर पाळी लावायचं, पुण्याला जाणारा ट्रक ठरवायचं आणि तिथल्या गिऱ्हाइकाला पंप मिळण्याची तारीख कळवायचं. त्या गिऱ्हाइकानं बजावलं होतं की आणखी एक तारीख चुकली तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल. “दाब की बटन, वाट कसली बघतीयास?” साहेब म्हणाले. माझं बोट थांबलं, कारण आमच्या घरी काका दाढीला साबण लावतानाही फोनवर “निघालोय की” सांगतात. मी फौंड्रीवाल्यांना फोन लावला आणि गाडी कुठवर आली ते हळूच विचारलं. “निघालीच की. ड्रायव्हर तेवढा गावाला गेलाय, आला की सुटली,” ते म्हणाले. साहेब माझ्याकडेच बघत होते. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं मला अजूनही जड जातं, पण मी फौंड्रीवाल्यांना म्हणाले, “गाडी गेटाबाहेर पडली की मला फोन करा. तोवर मी बटण दाबणार नाही.”