पिशवीतली हिंमत

हिमतीला इंग्रजीत काय म्हणतात, हे मी स्टोव्हवरून शिकलो.

शाळा म्हणाल तर मी चौथी पास. (चौथीत दोनदा बसलो, म्हणजे माझा अभ्यास इतरांच्या दुप्पट!) नाशकात अंबडच्या एका कारखान्यात मी मशीनवर उभा राहायचो. उभा, हे लक्षात ठेवा. कारण कळवणचा माझा साडू सोसायटीच्या हापिसात खुर्चीवर बसायचा, आणि ही गोष्ट आमच्या सासूबाई मला रोज भाकरीबरोबर वाढायच्या.

"धाकलं जावाई बसून कमावतंय," त्या म्हणायच्या. "तुमचं आपलं उभ्यानंच!"

त्यात आमच्या खात्यात सुपरवायझरची जागा निघाली. सुपरवायझरला खुर्ची असते, तीही हातांची! मी अर्ज केला आणि त्याच संध्याकाळी गल्लीभर सांगून टाकलं, की मी सुपरवायझर झाल्यातच जमा आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशीनवरचा पगारे म्हणाला, "भाऊ, नवा साहेब लय कडक हाय. समदं इंग्लिशमधी विचारतो म्हणे. हिंमत किती, चिकाटी किती, पुढं जायची जिद्द किती..."

"कोण म्हणालं?"

"लोक म्हणत्यात."

लोक म्हणतात म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची? मी तडक घरी आलो आणि आमच्या मंदाला समोर बसवलं. ती आठवीत होती. पोरीकडून शिकायची लाज वाटत होती, म्हणून मी दाराला कडी घातली.

तिने शब्द सांगितले. हिंमत म्हणजे करेज. चिकाटी म्हणजे पर्सिव्हरन्स. निर्धार म्हणजे डिटरमिनेशन. मी पाठ केले, जेवलो, आणि हात धुताना सगळे मोरीत वाहून गेले!

"अण्णा, आमच्या बाई वस्तूंवर नावं लिहितात," मंदा म्हणाली. "खुर्चीवर चेअर, दारावर डोअर. वस्तू दिसली की शब्द आठवतो."

"आणि हिंमत कुठल्या वस्तूवर लिहू?"

तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टोव्हचा भडका उडाला आणि आमच्या सौभाग्यवतींनी न डगमगता पिन मारून त्याला ताळ्यावर आणलं. मी खडू घेतला आणि स्टोव्हच्या टाकीवर लिहिलं : करेज. पाण्याच्या नळाखाली बादली लावून दोन दोन तास बसावं लागायचं, म्हणून तोटीवर लिहिलं : पर्सिव्हरन्स.

राहिला निर्धार. सासूबाई दिवाळीला आठ दिवसांसाठी आल्या होत्या आणि आता होळी जवळ आली होती. याहून पक्का निर्धार नाशकात कुठे सापडणार? (पण त्यांच्यावर खडू चालवायची हिंमत माझ्यात कुठल्याच भाषेत नव्हती. नुसतं बघून पाठ केलं.)

पाठांतर झकास झालं! स्टोव्ह दिसला की करेज, तोटी दिसली की पर्सिव्हरन्स. इंटरव्ह्यूच्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पायरी उतरलो, तर डोकं कोरं! परत आत गेलो, स्टोव्ह पाहिला, शब्द आला. बाहेर आलो, गेला.

मग मी जे केलं, ते शहाणा माणूस करणार नाही. स्टोव्हमधलं रॉकेल बाटलीत काढलं आणि स्टोव्ह पिशवीत घातला. नळाची तोटी पान्याने काढली, नळात चिंधी कोंबली आणि कोणाला न सांगता निघालो.

साहेबांच्या केबिनमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो. रॉकेलचा वास सुटला होता. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, "काय हो भाऊ, रात्रपाळीला मशीन अडलं तर काय कराल?"

चक्क मराठीत! साहेब निघाले सिन्नरचे. उत्तर तर माझ्या जिभेवर होतं. त्या मशीनची नस न् नस मला ठाऊक. पण पंधरा दिवस पाठ केलेलं फुकट घालवायचं? मराठीत तर कोणीही बोलेल!

मी स्टोव्ह काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "करेज!"

"म्हणजे?"

मी तोटी ठेवली. "पर्सिव्हरन्स!"

"भाऊ," साहेब हळूच म्हणाले, "हे विकायला आणलंय का?"

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. "ओ आजी, आत जाऊ नका!" असं वॉचमन ओरडतोय, तोच दार उघडून सासूबाई आत! नखशिखांत भिजलेल्या. नळाला पाणी आलं होतं, चिंधी उडाली होती आणि आमचं स्वयंपाकघर गोदावरी झालं होतं.

"हाई काय शे? तोटी कुठं हाय आमची?" त्या गरजल्या.

आणि मी, देवाशपथ सांगतो, त्यांच्याकडे बोट करून ओरडलो, "डिटरमिनेशन!"

"मला शिव्या देता?"

साहेबांनी त्यांना पाणी विचारलं. (त्यांना! पाणी!) मग मला म्हणाले, "भाऊ, ते इंग्लिश राहू द्या. तुम्हाला सुपरवायझर का व्हायचंय, तेवढं आपल्या भाषेत सांगा."

ही शेवटची संधी होती. मी तोंड उघडलं, पण सासूबाई पुढे.

"ह्यांना खुर्ची पायजे, साहेब! कळवणच्या जावयाला हाय ना, म्हणून ह्यांना बी पायजे!"

दाराशी वॉचमन, त्याच्यामागे पगारे, त्याच्यामागे अख्खं खातं. मी मान खाली घातली. खोटं तरी काय होतं त्यात? सासूबाईंनी तोटी उचलली, पदरात बांधली आणि निघाल्या. दारातून वळून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "इथं स्टोव्ह कशाला आणायचा, बापू?" तो हळू आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

जागा पगारेला मिळाली. मशीन अडलं तर काय करशील, या प्रश्नाला तो म्हणाला, "भाऊंना विचारीन."

मला साहेब विसरले नाहीत. आठवड्याने निरोप आला, की कँटीनचा स्टोव्ह बिघडलाय, भाऊंना पाठवा. तिथे दोन दिवस बसून काम केलं. बसून! स्टुलावर. कँटीनवाल्याने खूश होऊन ते जुनं स्टूल मलाच देऊन टाकलं. सासूबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "ह्याला हात नाय," आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

परवा नात हट्टाला पेटली, "आजोबा, तो करेजवाला स्टोव्ह दाखवा ना!" घरात गॅस आल्यापासून तो माळ्यावर पडलाय. मी ऐटीत तेच स्टूल खाली लावलं, एक पाय वर ठेवला. स्टूल जरासं हललं. मी पाय खाली घेतला.

करेज अजून माळ्यावरच आहे.