बकुळाबाईची माणसं

ऑक्टोबरचा उकाडा सकाळीच चढला होता. काळाचौकीच्या चाळीत बकुळाबाई रातपाळीवाल्यांसाठी बांगडे साफ करत होती. आपल्या गावच्या गिरणीकामगारांना पैसे घेऊन जेवू घालण्यावरच त्या विधवेचं पोट चालत होतं.

दारात पालिकेचा इन्स्पेक्टर उभा राहिला. "परवाना जुन्या खानावळींनाच मिळेल. गेल्या वर्षीच्या कॉलेजच्या पाहणीत इथं खानावळ नाही, एकत्र कुटुंब अशी नोंद आहे."

तेव्हा पाहणीला आलेल्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं होतं, "ही माणसं तुमची कोण?" रोज आपल्या हातचं जेवणाऱ्यांना परकं कसं म्हणायचं? "सगळी माझीच गो," बकुळाबाई म्हणाली होती.

"सायबानु, ती पैशे देऊन जेवतत!"

"आता सांगून काय उपयोग? सोमवारपासून बंद."

इन्स्पेक्टर गेला. संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला लावलेला सीताराम रातपाळीवरून आला. "आत्ये, जेवाक काय आसा?"

बकुळाबाई बांगड्यांना मीठ चोळू लागली.