मफलर बांधलेलं वासरू

एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं, असं म्हणतात. याला तर ते नाव सरकारी खर्चाने पडलं होतं. जनावरांच्या दवाखान्यात तो नोकरीला होता. गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा, बिल्ल्यावरचा नंबर फोनमध्ये घालायचा आणि त्याच्यापुढे मालकाचं नाव आणि पत्ता चढवायचा, हे त्याचं काम. पुढे ते जनावर कुठेही भरकटलं तरी नंबर टाकला की मालक हजर.

हातात चिमटा, खांद्याला पिशवी आणि तोंडाची अखंड टकळी, अशा थाटात तो गल्लोगल्ली फिरायचा. "बस गं बाई, झालंच," असं गाईला समजावता समजावता तिच्या कानात बिल्ला कधी बसला ते गाईलाही कळायचं नाही. ओरडायची ती मालकीण. "हळू मारा हो!" म्हणून ती डोळे गच्च मिटून घ्यायची आणि कानफाट्या गाईला म्हणायचा, "तुझं झालं, आता हिला धर." लोक हसायचे. भीड म्हणून नव्हतीच त्याला. मोठ्या साहेबालाही तो तोंडावर काय वाटेल ते बोलायचा आणि साहेबही मुकाट ऐकून घ्यायचा.

जगात एकाच माणसापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, ते म्हणजे त्याचे सासरे.

सासऱ्यांना तो मामा म्हणायचा. मामांनी सारी हयात एका शीतगृहाच्या फाटकावर पहारा करण्यात घालवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर खणखणीत आवाजात पुकारायचा, हे त्यांचं काम. बायको गेली तेव्हा लेक त्यांना हट्टाने आपल्याकडे घेऊन आली. पण लेकीच्या घरी मुक्काम ठोकणं मामांना मनातून पटेना. त्यांनी आपली बॅग उघडलीच नाही. ती खाटेखाली पट्टे बांधून तयार. लागेल तेवढा एक सदरा काढायचा आणि पुन्हा पट्टा आवळायचा. दर शनिवारी म्हणायचे, "उद्या निघतो म्हणतो." कुठे निघतो, तर कुलूप लावलेल्या एका खोलीत, जिथे चहा विचारायलाही कुणी नव्हतं. लेक रडकुंडीला यायची, मामा एक आठवडा थांबायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. बाकीचा वेळ अंगणातल्या पायरीवर, फाटकाकडे तोंड करून बसायचे. जेवढ्यास तेवढं बोलायचे. जावयाला तर "जावईबापू, पंखा जरा कमी कराल का?" याच्यापलीकडे काही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

कानफाट्याला हे फार लागायचं. सगळ्या गावाला तो हसवायचा आणि घरात एक म्हातारा माणूस पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा. त्यात परवा बायको म्हणाली होती, "या रविवारी बाबा खरंच जाणार बघा. तिकिटाचं विचारत होते." आणि शिलाईच्या मशीनवर डोकं टेकून ती रडली होती.

त्याच आठवड्यात वासरू आलं.

कानफाट्या ड्युटीवरून घरी आला तर अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या त्याच्या खाकी शर्टाची बाही तोंडात घालून एक तांबडं वासरू निवांत चघळत उभं होतं. कपाळावर पांढरा ठिपका, गुडघे चिखलाने माखलेले आणि डाव्या कानाला मामांचा करडा मफलर गुंडाळलेला. गाठ हनुवटीखाली. दाढदुखीने हैराण झालेल्या माणसासारखं दिसत होतं. शेजारी मामा दुधाची बाटली घेऊन उकिडवे बसले होते आणि, कानफाट्याचा विश्वास बसेना, मामा हसत होते.

"फाटकातून सरळ आत आलं," मामा म्हणाले. "भुकेजलं होतं बिचारं."

"बिल्ला आहे का मामा?" कानफाट्या कानाकडे हात नेत म्हणाला.

"नाही." मामांनी मफलरवर पंजा ठेवला. "कान सोललाय जरा. औषध लावून बांधलाय. सोडू नका, हवा लागेल."

आता जन्मभर जनावरांचे कान पिरगाळत आलेला हा माणूस. दुसरं कुणी असतं तर त्याने "बाजूला व्हा" म्हणून मफलर सोडून पाहिला असता. पण सासऱ्याने नाही म्हटल्यावर जावयाने कान तपासायचा म्हणजे सासऱ्याला खोटं पाडायचं. कानफाट्याने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने वासराचा मालक शोधायला सुरुवात केली. फोनवर फोटो काढला, दूधवाल्याला दाखवला, चहाच्या टपरीवर दाखवला, गोठ्यागोठ्यातून फिरला. बिल्ला नाही म्हटल्यावर काय, ज्याला त्याला आपलंच वाटायला लागलं. एकजण सायकल टाकून धावत आला, "माझंच ते!" कानफाट्याने फोटो खिशात घातला आणि विचारलं, "रंग कुठला?" तो म्हणाला, "रंग काय, वासराचा असतो तसाच." एक बाई तर शेळी हरवली म्हणून आली होती, ती म्हणाली, "शेळी नसेल तर वासरू द्या." कानफाट्या पायाचे तुकडे पडेपर्यंत हिंडला. दवाखान्यातले लोक चिडवायला लागले, "अख्ख्या तालुक्याला बिल्ले मारलेस आणि तुझ्याच दारात बिनबिल्ल्याचं उभं!"

इकडे घरात मात्र चमत्कार चालला होता. मामा सकाळी उठून गवत आणत होते, अंगण झाडत होते, वासराला रागावत होते. "अरे गाढवा, शर्ट खातोस होय? जावईबापू उघडे जातील का कामावर?" स्वयंपाकघरात लेक हे ऐकून तोंडाला पदर लावून हसायची. रात्री मामांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. खाटेखालच्या बॅगेचा पट्टा कुणी सोडला नव्हता, पण तिकिटाचं नावही निघालं नाही.

एका संध्याकाळी कानफाट्या नळावर पाय धूत होता. वासरू मागून आलं आणि त्याने कानफाट्याच्या मांडीवर डोकं घासलं. मफलरच्या आत काहीतरी कडक, चपटं मांडीला टोचलं. कानफाट्याचा हात तिथल्या तिथे थांबला. ते काय आहे हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन गल्ल्यांतल्या कुत्र्यांशी ओळख झाली, चपलेचा अंगठा तुटला, आणि मालकाचा पत्ता अंगणात मफलर बांधून फिरत होता.

त्याने गाठीला हात घातला. समोर पायरीवर मामा. हातात बाटली, नजर गाठीवर. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत चाललं होतं.

"गाठ झकास मारलीय, मामा," कानफाट्या म्हणाला. "सुटायची नाही."

"हं," मामा म्हणाले.

कानफाट्या आत गेला. बायको पोळी लाटत होती. तिने वर न बघताच विचारलं, "कळलं?"

"काय?"

"तेच."

"मला काही कळलं नाही."

"मलाही नाही," बायको म्हणाली आणि लाटणं जरा जोरात फिरवू लागली.

म्हणजे घरात तीन माणसं, तिघांनाही सगळं ठाऊक, आणि तिघांच्याही तोंडाला कुलूप. कानफाट्याला रात्रभर काही बरं वाटलं नाही. आपण जे करतो आहोत ते चुकीचं आहे हे त्याला कळत होतं. पण मामांचं हसू परत उतरवायचा त्याला धीर नव्हता.

शनिवारी सकाळी दवाखान्यात इस्त्रीवाली बाई आली. चौकातल्या झाडाखाली तिची इस्त्रीची गाडी होती आणि घरामागे एक गाय. तीच गाय दोरीला धरून ती आत शिरली. गाय अशी हंबरत होती की डॉक्टरीणबाईंचं बोलणं कुणाला ऐकू येईना.

"पान्हाच सोडत नाही हो," इस्त्रीवाली म्हणाली. "हात लावला की लाथ झाडते. खात नाही, बसत नाही, सारखी फाटकाकडे तोंड करून उभी. कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर पडले, कडी नीट बसली नाही, तेवढ्यात हिचं वासरू निसटलं."

डॉक्टरीणबाईंनी गाय तपासली. "हिला औषध नको. हिला वासरू हवं," त्या म्हणाल्या.

इस्त्रीवाली कानफाट्याकडे वळली. "आणि तुम्ही हो? तुम्हीच त्याला बिल्ला मारला होतात. हरवलं तरी सापडेल म्हणाला होतात. कुठे आहे तुमचं सापडणं?"

एरवी त्याने लगेच काहीतरी उत्तर ठोकलं असतं. आज कानफाट्याचेच कान तापले. "आहे" म्हणून सांगितलं की झालं. पण मग हीच बाई दारात येणार, चार शेजारी जमणार आणि त्यांच्यासमोर ती मफलर सोडणार. आयुष्यभर दुसऱ्याचा माल राखलेल्या माणसाला म्हातारपणी चोर ठरवायचं? ते त्याच्याने होणार नव्हतं.

"गाय घरी न्या," तो म्हणाला. "आज संध्याकाळच्या आत वासरू तुमच्या दारात. नाही आलं तर माझा कान कापा." आणि अर्ध्या दिवसाची रजा सांगून तो निघाला.

जेवायला तिघं बसले. लेकी बोले सुने लागे, तशी कानफाट्याने बायकोला हाक मारली.

"अगं, आज एक गाय आली होती. वासरू हरवलंय तिचं. पान्हा चोरते, कुणाला जवळ येऊ देत नाही."

"अगंबाई," बायको म्हणाली. तिने वडिलांकडे पाहिलं नाही.

मामांचा घास हातात राहिला. "खाते का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा."

"बसते?"

"नाही. उभीच असते. फाटकाकडे तोंड करून."

मामांनी घास परत ताटात ठेवला, हात धुतला आणि बाहेर गेले. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. मग अंगणातून आवाज आला. खणखणीत, शीतगृहाच्या फाटकावरचा, घरात आजवर कुणी न ऐकलेला.

"जावईबापू, लिहून घ्या!"

मफलर मामांच्या खांद्यावर होता. वासराच्या कानातला बिल्ला त्यांनी सदऱ्याच्या टोकाने लखलखीत पुसला होता आणि एकेक आकडा ते ट्रकच्या नंबरासारखा पुकारत होते. कानफाट्याला मालकीण माहीत होती, तरी त्याने एकेक आकडा फोनमध्ये टाकला. इस्त्रीवालीचं नाव आलं.

"सापडली हो मालकीण!" तो जणू नव्यानेच कळल्यासारखं ओरडला.

"बिल्ला होता म्हणायचा," मामा जमिनीकडे बघत म्हणाले.

"चिखलाखाली असेल. दिसला नसेल."

"हं. नजर कमी झालीय माझी."

दोघं वासराला घेऊन निघाले. चौक ओलांडल्यावर गाईचा आवाज आला आणि वासराने असा हिसका दिला की दोर धरलेले मामा पळत सुटले. मागून कानफाट्या त्यांच्या चपला गोळा करत धावला. फाटकापाशी पोचला तेव्हा वासरू आईला ढुशा देत होतं, गाय त्याचा तो डावा कान चाटत होती आणि सडांतून दूध आपोआप मातीत गळत होतं. मामा कुंपणाला टेकून धापा टाकत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

इस्त्रीवालीने आधी वासराला शिव्या घातल्या, मग रडून घेतलं, मग मामांना विचारलं, "तुम्ही सांभाळलंत आजोबा? बाळसं धरलंय की मेल्याने!"

मामा मात्र फाटकाची कडी हलवून पाहत होते. "ही अशी कडी असते होय?" ते एकदम तापले. "जन्म गेला माझा फाटकावर. उद्या सकाळी येतो. नीट बसवून देतो."

"या की. धार काढताना याला धरायलाही माणूस लागतोच मला."

उद्या. उद्या रविवार होता. कानफाट्याने ते ऐकलं आणि घाबरून दुसरीकडेच पाहिलं, न जाणो मामांच्या लक्षात आलं तर!

दोघं घराकडे परतू लागले.

"मला बिल्ला पहिल्याच दिवशी दिसला होता," चालता चालता मामा म्हणाले.

"मला नंतर कळला."

"कळला होता? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही हसत होतात, मामा."

मामा थांबले. मफलर काढला, पुन्हा गुंडाळला.

"जावईबापू, तुमच्याकडे एखादा बिल्ला उरलाय का हो?"

"आहेत की पिशवीत. का?"

"एक मारा माझ्या कानात. मालक म्हणून तुमचं नाव घाला. म्हातारा कधी कुठे भरकटला, तर कुणाकडे आणून पोचवायचा ते लोकांना कळायला हवं."

कानफाट्याने जोरात मान हलवली.

"माझं नाव नाही चालायचं, मामा," तो म्हणाला. "तुमच्या लेकीचं घालावं लागेल. आपल्या घरातले सगळे तिच्याच नावावर आहेत. मीसुद्धा."

मामा रस्त्यातच मोठ्याने हसले. घरी पोचल्यावर त्यांनी खाटेखालून बॅग ओढली, लेक दारात श्वास रोखून उभी राहिली, आणि मामा म्हणाले, "बघत काय उभी आहेस? माझे सदरे कुठल्या कप्प्यात ठेवायचे ते सांग."