देव माझं नाव तुम्हाला कामून सांगतो?

"तिथंच थांब. आत येऊ नकू."

आंटी स्वयंपाकघरातून बोलल्या. मी अकरा वर्षांची. हातात रिकामी बादली. मागच्या अंगणात माझी आई त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या घाण झालेल्या चादरी धूत होती. तिला कढत पाणी पाहिजे होतं. मी उंबऱ्यावर ठेवलेला पाय मागं घेतला. आंटींनी लांबूनच बादलीत पाणी ओतलं. ओतताना त्यांच्या पातेल्याची कड माझ्या बादलीला लागली. ते पातेलं त्यांनी माझ्यासमोर साबणानं दोनदा घासलं.

दुपारी आम्हाला जेवण दिलं. न्हाणीच्या कोनाड्यात, फिनेलच्या बाटलीशेजारी, जर्मनच्या दोन ताटल्या असायच्या. त्या आमच्या. मटणाचं कालवण होतं. मला भूक लागलेली. मी ताटली चाटूनपुसून खाल्ली आणि आणखी मागितलं. आजही मला आंटींपेक्षा त्या मागण्याची जास्त लाज वाटते.

आम्ही आणि ते एकाच मंडळीतले, एकाच चर्चचे. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण ताटली वेगळी ठेवणारे म्हटलं की लोकांना भलतेच कुणी आठवतात. आंटींचे यजमान रिटायर हेडमास्तर. सगळे त्यांना सर म्हणायचे. मंडळीच्या कमिटीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचे आजोबा आणि माझे आजोबा हुलसूरकडच्या एकाच गल्लीत, एकाच जातीत जन्मले. बाप्तिस्माही एकाच दिवशी झाला, असं आई सांगायची. त्यांच्या आजोबांना मिशनच्या शाळेत नोकरी लागली, माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबत राहिले. तिथनं दोन वाटा झाल्या. रविवारी प्रभुभोजनाला प्याला मात्र एकच. आंटी आधी, आई शेवटी.

वडील हुमनाबादला लॉरीवर क्लीनर होते. हायवेवर टायर बदलताना मागनं दुसरी लॉरी आली. मी चार वर्षांची होते. मग आई ढाब्यावर भाकऱ्या थापायला लागली. पत्र्याची एक खोली, आणि आम्ही दोघी.

आईचा एक स्वभाव होता. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. "प्रभूनं मनात घातलंय," म्हणायची आणि आमच्यातलीच एक भाकरी पदराखाली घेऊन निघायची. कधी नव्या बाळंतिणीकडं, कधी शेजारच्या एकट्या हमीदाखालाकडं. कुणी बोलावलेलं नसायचं, पण ती जायची तिथं बहुतेक वेळा खरंच चूल थंड असायची. तुला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं.

"कळत न्हाई गं. बोचतंय. गेलं की थांबतंय."

सरांनी हे हेरलं होतं. उपासना सुटली की दारात आईला गाठायचे. "अक्का, काल प्रार्थनेत प्रभूनं तुमचंच नाव मनात घातलं बघा." मग आठवड्यातले चार दिवस त्यांच्या आईचं हगणं-मुतणं, पाठीच्या जखमा, चादरी. याला ते सेवा म्हणायचे. ढाब्याचं काम बुडायचं. आईला शंकासुद्धा यायची नाही. निरोप आणणारा एवढा मोठा माणूस, म्हणजे निरोप देवाचाच. ही चूक आमच्याच लोकांची. हाक कुणाच्या तोंडून आली ते आम्ही बघतच नाही.

माझी सेकंड पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा सोमवारी सुरू होणार होती. शनिवारी आई तापानं फणफणलेली. सरांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. ते उतरले नाहीत, हॉर्न वाजवला. मी गेले. काच खाली आली. आई आजारी आहे म्हणून सांगितलं.

"मग तू चल. सकाळीच प्रार्थनेत तुझं नाव आलं बघ."

परीक्षा आहे म्हटलं.

"परीक्षा दरवर्षी येती, पोरी. प्रभूची हाक दरवर्षी येत न्हाई."

मी खिडकीपाशी वाकले. तोंडातनं शब्द सरळ आले. "सर, देव माझं नाव तुम्हाला कामून सांगतो? मला कामून सांगत न्हाई? आंटींचं नाव त्यो एकदा बी घेत न्हाई का?"

हमीदाखाला दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "क्या मास्टरसाब, अल्ला के कने इसीच गल्ली का पता है क्या?"

कुणीतरी हसलं. सरांचा चेहरा काळवंडला. "चार बुकं शिकली आणि देवाला न्हाई म्हणायलीस," एवढं म्हणाले. काच वर गेली.

मी वळले तर आई मागं उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. पदर खोचला, तापलेल्या अंगानं चालत गेली आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसली. मी घरात येऊन पुस्तक उघडलं. तिच्यामागं धावले नाही. ते पान अजून डोळ्यापुढं आहे, त्यावर काय लिहिलं होतं ते मात्र आठवत नाही.

आठ दिवस आई तिथंच राहिली. मी पेपर दिले. म्हातारी गेली, तिला शेवटची आंघोळ आईनंच घातली. मातीच्या वेळच्या प्रार्थनेत पास्टरांनी मुलानं आणि सुनेनं केलेल्या सेवेबद्दल देवाचे आभार मानले. मी आईकडं बघितलं. डोळे मिटून ती आमेन म्हणाली.

त्या दुखण्यातनं आई पुरती उठली नाही. छाती भरलेलीच राहिली. मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेली. पोरीनं देवाची हाक मोडली, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. तू बरोबर होतीस, असं ती कधीच म्हणाली नाही. आता म्हणणारही नाही. पदवीचा निकाल लागला तेव्हा तो दाखवायला घरात कुणी नव्हतं. हमीदाखालाला वाचता येत नाही. तिनं कागद उलटासुलटा करून बघितला आणि रडली.

आता मी बिदरला कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात ऑफिसचं काम बघते; राहते त्याच गल्लीत, बसनं जाते-येते. मागच्या वर्षी आंटींना लकवा मारला. मुलगा बेंगळूरला. मंडळीत सगळ्यांना माहीत होतं, मलाही. एका सकाळी भाकरी थापताना माझा हात थांबला. आंटींचं नाव. मला संताप आला. दोन दिवस मी देवाशी भांडले. तिसऱ्या दिवशी गेले. प्रेम वगैरे काही नव्हतं. बोचत होतं, म्हणून गेले.

खोलीत वास कोंडला होता. सर दारात, हातात पेपर. "प्रभूनंच धाडलं तुला," म्हणाले.

"व्हय. पण ह्या वेळेला मलाच सांगितलं त्यानं. बाह्या वर करा, सर."

त्यांना कळेना. मी सांगितलं, मी दोन दिवस येणार, तिसऱ्या दिवसापासनं हे तुम्हाला करायचंय. माणूस कुशीवर कसा वळवायचा, खालची चादर कशी ओढायची, जखमेला न लागता पाठ कशी पुसायची, ते मी दाखवलं. त्यांना उमासा आला. बाहेर गेले. परत आले. आंटींना बोलता येत नव्हतं, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. दुखण्याचं की लाजेचं, मला ठाऊक नाही. मी त्यांना माफ केलं का, असं लोक विचारतात. मला माफ करायला सांगितलं नव्हतं. पाठ धुवायला सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर मी सगळ्यांसमोर उभी राहिले. आजाऱ्यांच्या सेवेची पाळी लावा म्हटलं, घरटी एक माणूस. कमिटीतले एक अण्णा म्हणाले, "सेवा काय पाळीनं करायची असती का?"

"आजपतोर पाळीच होती, अण्णा. एकाच गल्लीची."

तीन रविवार भांडण चाललं. दोन घरं मंडळीत यायची बंद झाली.

आता यादी मंडळीच्या देवळाच्या भिंतीवर लागली आहे. बावीस घरं. पहिली पाच कमिटीवाल्यांची. सहावं नाव माझं. ते मी माझ्या हातानं लिहिलंय. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर खोडलं असतं.