व्हरांड्यातला पाळणा आणि मेश्राम सरांचा पट

एक लोखंडी पाळणा, दोन झोके, सहा बुटकी बाकं आणि फाटकाची कडी. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक मेश्राम सरांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या या वस्तू. मी वेल्डर. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, पाहून पाहून शिकलो. उगाच कोणाच्या कामाची तारीफ करत नाही. जोड भक्कम आहेत.

सरांची ओळख माझ्याच दुकानात झाली. तुटलेला झोका घेऊन आले होते.

"मजुरी देतो भाऊ, पण मले शिकवता का?"

"आधी काळा चष्मा लावा सर, नाही त डोये जातीन."

तेव्हा शाळेचा पट विसाच्या आत आला होता. मोठ्या शेतकऱ्यांची मुलं व्हॅनने नागपूरच्या इंग्रजी शाळांत जात. उरली मजुरांची आणि वीटभट्टीवरची. शाळा बंद करून मुलं नाल्यापलीकडच्या गावी पाठवायची, असं वरून बोललं जात होतं. लहान मुली तिकडे गेल्याच नसत्या. सर घरोघर फिरले. मुली घरीच होत्या, कडेवर भावंडं घेऊन.

"ही शाळेत आली त लहान्याले कोण पाहीन, सर?" वीटभट्टीवरच्या सुमनबाईंनी विचारलं.

"त्यालेबी पाठव ना वं."

"तो त दिवसभर रडते."

"मीबी वर्गात दिवसभर बोंबलतोच. जमन आमचं."

व्हरांड्यात पाळणा लागला. त्याचा एक पाय सूतभर आखूड निघाला. खाली फरशीचा तुकडा सरकवा, असं मी म्हटलं. सरांनी पाय कापून नवा जोडला. मुली येऊ लागल्या. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "शाळेत पाळणा काहून?"

"हळू बोला साहेब," सर म्हणाले, "पुढचा पहिला वर्ग झोपला आहे."

पट विसापुढे गेला, शाळा राहिली. माझी धाकटी मी व्हॅनमधून उतरवून याच शाळेत घातली. सरांनी तसा शब्दही टाकला नव्हता.

सरांना साठ पूर्ण झाली. त्यांची तब्येत ठणठणीत राहो, आणि त्या पाळण्यातल्या मुलांच्या मुलांनाही बोट धरून शाळेत नेण्याइतकं आयुष्य त्यांना लाभो.

एक गोष्ट ते स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो. मी समोर बसलो होतो. निवृत्तीला वर्ष उरलं असताना नागपूरच्या श्रीमंत रामदासपेठेत राहणारे एक संस्थाचालक आले. त्यांच्या अनुदानित शाळेलाही पट कमी पडत होता. सगळ्या मुलांचे दाखले आमच्याकडे वळवा, म्हणाले. सरांनी चहा पाजला आणि नाही म्हटलं. देऊ केलं होतं ते असं: निवृत्तीनंतर त्यांच्याकडे नोकरी, आणि एकवीस मुलांचे, प्रत्येकी दहा हजार धरून, दोन लाख दहा हजार रुपये.